पोरगी बाहेरची ठरली तेव्हा

बायकोच्या तेरवीच्या पंगतीत माणसं जेवता जेवता बोलत होती. "बाई लय साधी होती. कोणाच्या अध्यात नाही, कोणाच्या मध्यात नाही." एकानं म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलं. तिसऱ्यानं म्हटल्यावर मी हातातलं बुंदीचं भांडं खाली ठेवलं आणि मागच्या अंगणात जाऊन बसलो. मेलेल्या बाईला साधी म्हणून टाकलं की काम संपते. पंचेचाळीस वर्षं मी तिच्याशी भांडलो. साध्या बाईशी इतकी वर्षं भांडता येत नाही.

म्हणून हे लिहितो. सातवीपर्यंत शिकलो, तेही धड नाही. लिहायला बसलो की शाळेतली भाषा हाताला येते, बोलायला लागलो की घरची. दोन्ही येऊ द्या. लिहून वाचून दाखवल्यावर "चूक हाये" म्हणायला ती नाही, एवढंच.

मी नागपुरात कॉलेजच्या पोरांच्या एका वसतिगृहात आचारी होतो. मेस पोरंच चालवत. दरवर्षी आपल्यातला एक सेक्रेटरी निवडत. तो भाजी ठरवी, मला बोल लावी आणि वर्ष संपलं की पास होऊन निघून जाई. हजेरीबुक वगैरे काही नाही. चूल पेटली म्हणजे मी आलो, एवढीच माझी हजेरी. पोरं मला मामा म्हणत, म्हणून बायको मामी. स्वयंपाकघराच्या मागे आम्हाला एक खोली दिली होती. भाडं नाही, म्हणून पावती नाही. जेवण मेसमधलंच, म्हणून रेशन कार्डही नाही. जो माणूस रोज दीडशे पोरांची कणीक भिजवतो, तो रेशनच्या रांगेत कायले उभा राहील? पुढे वस्तीत वेगळी खोली घेतली तेव्हा कार्ड काढलं. आधी कार्ड न काढण्याचा शहाणपणा नंतर चांगलाच अंगावर आला.

पोरगी एकुलती. मेसमध्ये फार्मसीची पोरं जेवायची, त्यांच्या वह्या ती लहानपणापासून चाळायची. कशात काय मिसळलं की काय होते, हे मला पोळ्या लाटताना सांगायची. बारावीला मार्क चांगले पडले. म्हणाली, मला औषधं बनवायची शिकायची आहेत. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. आमच्या वस्तीत दहावी झालेली पोरगी म्हणजे स्थळ पाहायला मोकळी. मी म्हटलं, बनव औषधं. आम्ही तिघं अर्ज घेऊन कॉलेजच्या खिडकीवर गेलो.

खिडकीतला बाबू माझ्याहून लहान होता. मार्कांचा कागद पाहून तो खूश झाला. मग जन्माचा दाखला पाहिला.

"सौंसर तालुका. म्हणजे मध्य प्रदेश."

"हो. तिचं आजोळ."

"मग पोरगी बाहेरच्या राज्याची झाली, काका."

मला वाटलं मस्करी करून राहिला. म्हटलं, "बाबूसाहेब, पोरगी चाळीस दिवसांची होती तवा नागपुरात आणली. तिचं बारसं सोडून सगळं इथंच झालं."

"जन्म कुठं झाला ते विचारून राहिलो मी."

आता पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कोणाला समजावून सांगायची गोष्ट आहे? सातव्या महिन्यात चोळी-बांगडी झाली, बायकोचा भाऊ न्यायला आला आणि ती गेली. तिचं माहेर नागपूरपासून दोन-अडीच तासांवर. बोली आमचीच, शेतातली कपाशी आमच्यासारखीच, शिव्यासुद्धा त्याच. तिचा स्वतःचा जन्म झाला तेव्हा तर दोन्हीकडची गावं एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर. नंतर सरकारनं मधून रेघ मारली. बाळंतीण काय रेघ पाहून जाते? जिथं तिची माय असते तिथं जाते.

बाबूनं बोटावर मोजून सांगितलं. इथल्यांच्या जागा इतक्या. बाहेरच्या राज्यांसाठी दोन, आणि त्या दोनवर अर्जांची ही थप्पी. आमच्या मेसमध्ये जेवायची तसल्या परदेशी पोरांसाठी वेगळ्या जागा, त्यांची यादीच वेगळी.

"म्हणजे सुदानचा चालते अन् सौंसरची नाही चालत?"

"नियम आहे, काका. मी नाही केला."

"मग काय करू?"

"बापाचा नागपुरात सलग पंधरा वर्षांचा रहिवास दाखवा."

मी रेशन कार्ड पुढे केलं. कार्ड नऊ वर्षांचं. बाबूनं तारीख पाहिली.

"त्याच्या आधी कुठं होता?"

"स्वयंपाकघरात."

मागची रांग हसली. पोरीचं तोंड लाल झालं. बाबूला माझी दया आली असावी. तो खिडकीतून पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक स्टॅम्प पेपर करून आणा. पोरगी नागपुरात घरीच जन्मली, दाखला चुकीनं आजोळी काढला. खाली आईची सही नाही तर आंगठा. सगळेच आणतात. आठ दिवस आहेत."

मला तर देव भेटल्यासारखं झालं. कचेरीसमोर निंबाखाली टायपिस्ट बसायचे. दुसऱ्याच दिवशी जाऊन कागद टाईप करून आणला. शाईचा पॅडसुद्धा मागून आणला होता. बायको भाकरी थापत होती. मी कागद वाचून दाखवला आणि म्हटलं, "हात धू अन् आंगठा दे."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "काय लिहिलं हाये? पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"खोटं हाये हे."

"खोटं कोणाचं नसते वं? कोणाचं वय खोटं, कोणाचं गाव खोटं. पोरीची सीट भेटून राहिली ना?"

"मी कुठं बाळंत झाली हे मले माहीत नाही का? माह्या मायनं चाळीस दिवस शेगडी पेटती ठेवली. डिंकाचे लाडू केले. स्वतःची पाटली मोडून तूप आणलं. ते काय नागपुरात झालं? माय मरून गेली माही, अन् आता तिचं केलेलं मी आंगठा लावून पुसू?"

"मेलेल्या मायले काय समजते?"

हे मी बोललो. बोलल्यावर जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. तिनं भाकरी उलटली, फुगू दिली, ताटात टाकली. मग पोरगी रडायला लागली.

"आई, एकच आंगठा! माझं आयुष्य आहे. आजी काय रागावणार आहे?"

"आजी नाही रागावणार. मी रागावून राहिली."

"मग मी काय करू? घरात बसू?"

"तुले घरात बसवणारे ते नियमवाले. त्यायले जाऊन रड. माह्यापुढे कायले रडते?"

त्या दिवशी मला बायकोचा इतका राग आला की मी घरात जेवलो नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, आणि पोरीच्या वाटेत आडवी. मला ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगतो, तेव्हाचा मी आज भेटलो तरी स्टॅम्प पेपरवर आंगठाच मागेन. मी सोपी वाट धरणारा माणूस. तिला सोपी वाट दिसली की संशय यायचा.

सुट्टीचे दिवस होते. गावची पोरं गावी गेली होती, पण परदेशी पोरं कुठं जातील? चार-पाच जणांसाठी मी मेस चालू ठेवायचो. त्यात एक सुदानचा होता. पोरगा कसला, बाप्या माणूस. घरी बायको आणि एक मूल ठेवून शिकायला आला होता. झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकरी मागून खायचा आणि डोळे पुसत म्हणायचा, "मामा, और." त्या दिवशी त्याला वाढताना माझा हात जोरात पडला असावा. त्यानं विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. तो हसायला लागला.

"हँसता कायको है?"

"मामा, हमारे यहाँ भी पहला बच्चा नानी के घर. मेरा औरत भी गया था. मेरा अम्मा भी गया था."

"मग तुले कोणी विचारलं नाही, कुठं जन्मला?"

"मुझे पूछा, पासपोर्ट कौन देश का? सरकार का चिट्ठी लाया? इंग्लिश आता है? बस. फिर पुलिस के पास नाम लिखाओ." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "आपको एक दिन बाहर का बोला तो इतना गुस्सा. मुझे तो रोज बोलता है."

ते मला लागलं. मी त्याच्या ताटात अजून एक पळी रस्सा टाकला.

जेवण झाल्यावर त्यानं खोलीतून कॉलेजचं छापील नियमांचं पुस्तक आणलं. इंग्रजीत होतं. पोरगी दारात बसून वाचायला लागली. डोळे सुजलेले, तरी वाचत होती. बाबूनं जे सांगितलं ते त्यात होतं. पण आणखी एक ओळ होती. रहिवासाचा पुरावा म्हणून कार्ड किंवा पावती नसेल, तर एखाद्या संस्थेच्या दप्तरातला पुरावा चालेल आणि त्या संस्थेच्या प्रमुखानं तसं लिहून द्यावं. बाबूनं ही ओळ सांगितलीच नव्हती. त्याला तरी कोणी सांगितली असेल की नाही, कोण जाणे.

मी तसाच वॉर्डनसाहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "मला इथं येऊन दोनच वर्षं झाली. त्याआधीचं मी कसं लिहू? तुमचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही. मेस पोरांची." खोटं बोलत नव्हते ते. जुने वॉर्डन, एक वारले, एक बदलून कुठं गेले ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी परत आलो आणि बायकोला म्हटलं, "झालं समाधान? आता चार दिवस राहिले."

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दप्तर म्हणजे कागदच लागते का?"

"मग काय भांडे लागतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेसमध्ये गेलो तर कॉमनरूममध्ये खडखड ऐकू आली. बायको स्टुलावर उभी होती आणि सुदानवाला खाली दोन्ही हात वर करून. भिंतीवरचे फोटो उतरवणं चाललं होतं.

दरवर्षी परीक्षेच्या आधी वसतिगृहाचा ग्रुप फोटो निघायचा. गोड जेवण, मग फोटो. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक, मागे पोरं, आणि सगळ्यांत मागे टोकाला आम्ही मेसवाले. खाली पांढऱ्या रंगानं इंग्रजीत एकेकाचं नाव लिहिलेलं. बसलेल्यांची नावं, उभ्यांची नावं. आमच्या रांगेखाली फक्त "मेसचे नोकर". मी कधी त्या भिंतीकडे धड पाहिलंही नव्हतं. ती मात्र दर दिवाळीला ते फोटो फडक्यानं पुसायची. अठरा होते.

"अवं, वॉर्डनले विचारलं का?"

"विचारलं तर नाही म्हणतील. न विचारता कसे म्हणतील?"

गोणपाटात गुंडाळून अठरा फ्रेम दोन सायकलरिक्षांत घातल्या. एका रिक्षात ती आणि पोरगी, दुसरीत मी. सुदानवाला सायकलवर मागून. भिंतीवर अठरा चौकोन उजळ दिसत राहिले. नोकरी गेली म्हणूनच समजलो.

खिडकीवरचा बाबू आम्हाला पाहून उभाच राहिला. बायकोनं व्हरांड्यात भिंतीला टेकवून फोटो ओळीनं मांडायला सुरुवात केली. जुन्यापासून नव्यापर्यंत. अर्ज भरायला आलेली पोरं, त्यांचे आईबाप सगळे गोळा झाले. पहिल्या फोटोत माझी मिशी काळी आणि गाल बसलेले. शेवटच्यात पोट सुटलेलं. एक पोट्टा म्हणाला, "मामा तर मेसमधेच फुगले!" मीही हसलो. काय करता?

गलका ऐकून प्रवेशाचे मोठे साहेब बाहेर आले. बाबूनं त्यांना सांगितलं. साहेब चष्मा वर करून फोटो पाहत पाहत चालले.

"पण यात तुमचं नाव कुठं आहे?" त्यांनी मला विचारलं.

बायको पदर खोचून पुढे आली. "नाव नाही लिहिलं, साहेब. लिहिणाऱ्याले वाटलं असंल, नोकराले नाव नसते. पण तोंड हाये ना?"

साहेब पुढे सरकले. पाचव्या फोटोपाशी थांबले. "यात नाहीत हे."

खरंच नव्हतो. मी विसरूनच गेलो होतो. आणि नियमात तर सलग म्हटलं होतं. बायकोनं खाली बसून काचेवर बोट ठेवलं. फोटोच्या कोपऱ्यात स्वयंपाकघराचं धुराडं आणि त्यातून निघालेला काळा लोट.

"हा धूर दिसून राहिला ना, साहेब? हेच हायेत ते. पुऱ्या तळून राहिले होते. फोटोवाला थांबला नाही, अन् तेल तरी कसं थांबंल?"

व्हरांड्यात जो हशा झाला, त्यात साहेबही हसले. पण हसून झाल्यावर मान हलवली. "बाई, हे सगळं खरं असेल. पण हे फोटो आहेत. मला संस्थेचं दप्तर पाहिजे आणि प्रमुखाची सही. नाही तर मुलगी बाहेरच्या यादीत जाईल."

पोरीनं माझा दंड धरला. तिची बोटं अजून आठवतात.

तेवढ्यात स्कूटर वाजली. वॉर्डनसाहेब. कोणीतरी उजळ चौकोन पाहून त्यांना कळवलं असणार. ते तणतणत पायऱ्या चढले.

"ही काय चोरी लावली? कोणाला विचारून आणले? हे काही घरचे फोटो नाहीत, वसतिगृहाचं दप्तर आहे! एकेक फोटो वर्षाप्रमाणे नोंदलेला आहे माझ्याकडे! अठरा वर्षं या माणसानं आमचं मीठ खाल्लं—"

"आमचं मीठ तुम्ही खाल्लं, साहेब," बायको म्हणाली. "दोन वर्षं. भाजीत."

वॉर्डन आणखी भडकले. पण मोठ्या साहेबांनी हात वर केला. "थांबा. तुम्ही म्हणता हे दप्तर आहे?"

"अर्थात!"

"नोंदलेलं?"

"तारखेसकट!"

"आणि अठरा वर्षं हे गृहस्थ तुमच्याकडे आहेत, हे आत्ता तुम्हीच म्हणालात."

सुदानवाला भिंतीला टेकून उभा होता. त्यानं तोंडावर रुमाल धरला. साहेबांनी बाबूला कोरा कागद आणायला सांगितला. वॉर्डन म्हणाले, मी असं कसं लिहू. साहेब म्हणाले, मग हे दप्तर नाही, साध्या तसबिरी आहेत असं लिहून द्या, म्हणजे बाईंना घरी नेता येतील. वॉर्डननं लिहून दिलं. वसतिगृहाच्या दप्तरानुसार सदर इसम अठरा वर्षं नागपुरात वास्तव्यास आहे. मला ती ओळ पाठ झाली. सदर इसम म्हणजे मी.

फोटो परत नेऊन टांगताना एकही काच फुटली नाही. नोकरीही गेली नाही. वॉर्डन महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण जेवत होते.

पोरीचं नाव इथल्यांच्या यादीत आलं, पण लगेच नाही. आधी प्रतीक्षा यादीत तिसरी. मग एक पोरगा डॉक्टरकीला गेला, एक पोरगी इंजिनियरिंगला. तिसऱ्याची वाट पाहण्यात बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत घरात कोणी कोणाशी नीट बोललं नाही. पोरगी आईकडे पाहायची नाही. स्टॅम्प पेपर मी पेटीत ठेवला होता. मला वाटायचं, आंगठा दिला असता तर हे बारा दिवस लागले नसते. बायकोला हे माहीत होतं. ती मला विचारायची सुद्धा, "फाडला का नाही अजून?" मी म्हणायचो, "राहू दे." तेराव्या दिवशी यादी लागली आणि त्यात नाव होतं. पेटीतला कागद मी चुलीत घातला. बायकोला सांगितलं नाही. पण चूल तिची होती, तिला राख कळली असेल.

प्रवेशाच्या दिवशी पुन्हा तीच खिडकी आणि तोच बाबू. शेवटचा मोठा फॉर्म तो स्वतः भरत होता, कारण गर्दी होती. नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं. जन्मस्थानाशी पेन थांबला.

"नागपूर लिहून टाकतो," तो म्हणाला. "आता सगळं झालं आहे. पुढं कोणी पाहिलं, विचारलं, उगीच झंझट. हे पुढची सगळी वर्षं राहणार कागदावर."

भल्याचंच बोलत होता बिचारा. मी मान डोलावणार होतो. बायकोकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आधीच पोरीनं खिडकीतून हात आत घातला आणि बाबूच्या हातातला पेन काढून घेतला.

"मी लिहिते."

फॉर्म आपल्याकडे फिरवून तिनं लिहिलं. सावकाश, शाळेतल्या पाटीवर लिहिते तसं. गाव, तालुका, जिल्हा, राज्य. रांगेतले लोक कुरकुरत होते. बाबूनं कपाळाला हात लावला.

बायकोला वाचता येत नव्हतं. तिनं मान पुढे करून त्या ओळीकडे पाहिलं.

"काय लिहिलं? वाच."

पोरीनं हळू आवाजात गावाचं नाव वाचलं.

"जोरानं वाच. मागच्यायले ऐकू गेलं पाहिजे."